बाविसावी फ्लॉपी

विलास गेल्याचा फोन कचेरीत आला, तेव्हा मला सगळ्यात आधी आठवला तो फ्लॉप्यांचा डबा. माणूस आठवला नाही, मेहुणी आठवली नाही, तिची दोन लेकरं आठवली नाहीत... आमच्या भिंगारच्या घरातल्या कपाटाच्या वरच्या फळीवरचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा तेवढा डोळ्यांपुढे आला. दुःख त्यानंतर आलं. पण आलं ते खरं आलं, हे आधीच सांगून ठेवतो. कारण पुढे जे लिहिणार आहे ते वाचून कुणालाही वाटेल, की या माणसाला साडू गेल्याचं काही सोयरसुतक नव्हतं.

विलास माझा साडू. माझी बायको कुसुम थोरली, शोभा धाकटी. शोभाचा नवरा विलास. नागापूरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात तो मेंटेनन्स फिटर होता. त्या दिवशी सकाळच्या पाळीला गेटवर कार्ड पंच करता करता खाली बसला आणि उठलाच नाही. एकेचाळीस वर्षांचा होता. या गोष्टीला आता दीड महिना झाला. आमच्या दोन्ही घरांत लिहिणारा माणूस म्हणून मीच समजला जातो, त्यामुळे त्याच्यावर चार शब्द लिहायचं काम आपोआप माझ्याकडे आलं. गेलेल्या माणसाविषयी चांगलंच लिहावं अशी रीत आहे. विलासबद्दल वाईट लिहायचं म्हटलं तरी मला काही सापडत नाही, आणि हीच माझी त्याच्याविषयीची जुनी तक्रार आहे.

साडूचं नातं मोठं अवघड. भाऊ नाही, मित्र नाही, तरी जन्मभर एकाच तराजूत बसायचं आणि कुणाचं पारडं खाली गेलं ते सासुरवाडीने बघायचं. आमची सासुरवाडी पाथर्डी तालुक्यातल्या तिसगावची. विलास तिथे पोचला की दहाव्या मिनिटाला त्याच्या हातात पाना असायचा. कुणाची मोटार, कुणाचा मिक्सर, समाजमंदिराचा भोंगा... सगळं गाव त्याची वाट बघत असायचं. मी खाटेवर पेपर वाचत बसायचो. मला मान होता. चहा पहिल्यांदा मला मिळायचा, बशीसकट. विलासला चहा विचारायलाच लागायचा नाही, तो चुलीपाशी बसून आपला आपण ओतून घ्यायचा. त्या दोन चहांतला फरक मला लग्नानंतर पंधरा वर्षं टोचत होता.

पण माझ्याजवळ एक गोष्ट होती, जी विलासकडे नव्हती. लेखणी. भिंगारला लष्कराच्या एका कचेरीत मी रेकॉर्डचा कारकून. माझं अक्षर साहेब लोक एकमेकांना दाखवतात. आणि आमचे सासरे, यशवंतमामा, शाहीर. पेशाने गवंडी, पण छप्पन्न सालच्या दीक्षेनंतर या भागातल्या वस्त्यांवर त्यांचा जलसा फिरला. गाणी स्वतः रचायची, स्वतः म्हणायची, आणि लिहिता येत नसल्यामुळे सगळी डोक्यात ठेवायची. एकेचाळीस गाणी. ती उतरवून घ्यायची आणि पुस्तक करायचं, असं मी लग्नानंतर पहिल्याच वर्षी मनाशी ठरवून टाकलं होतं. ते काम माझ्याच नावाचं होतं, अशी माझी पक्की समजूत होती.

मी एकदा नवं रजिस्टर घेऊन तिसगावला गेलोही होतो. मामा खाटेवर बसून सांगायला लागले, मी लिहायला लागलो. लिहिता लिहिता हात आपोआप दुरुस्त्या करत होता. त्यांनी ‘लई’ म्हटलं की मी ‘फार’ लिहायचो. एका कडव्यात शिवी होती, ती गाळली. एक ओळ मात्रेत बसत नव्हती, ती बसवली. शेवटी मोठ्या हौसेने मी तीन गाणी त्यांना वाचून दाखवली. मामा म्हणाले, "पाव्हणं, ऱ्हाऊ द्या आता. घसा बसला." संध्याकाळी त्याच घशाने त्यांनी शेजारच्या पोरांना दोन गाणी म्हणून दाखवली. मला काय समजायचं ते समजलं, पण मी समजून घेतलं नाही. सवडीने बघू म्हणून रजिस्टर कपाटात ठेवलं आणि पुन्हा विषय निघायची वाट बघत बसलो... वर्षानुवर्षं.

मग पंच्याण्णवच्या सुमारास विलासच्या कारखान्यातल्या ऑफिसात नवे कॉम्प्युटर आले आणि जुने निघाले. त्यातला एक विलासने घरी आणला. त्यात मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर कुणाकडून तरी टाकून घेतलं, आणि बोटानं एकेक अक्षर शोधत शिकला. त्याच हिवाळ्यात मामांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नगरला झालं. भिंगारहून दवाखाना जवळ, म्हणून आमच्याकडेच राहा असं मी तीनदा सांगितलं. मामा नागापूरला शोभाकडे राहिले. महिनाभर डोळ्यांवर पट्टी, करायला काही नाही. मामा गात होते आणि विलास टाईप करत होता. महिन्याच्या शेवटी एकेचाळीसच्या एकेचाळीस गाणी मशीनमध्ये. मला हे कळलं ते कुसुमकडून, भाजी निवडताना, सहज. "विलासभाऊजींनी आबांची सगळी गाणी लिहून घेतली, बरं का." त्या दिवशी मी जेवलो नाही. पोट बिघडलंय म्हणून सांगितलं.

रविवारी तडक नागापूर गाठलं. विलासने कौतुकाने कॉम्प्युटरचा पडदा दाखवला. मी वाचायला लागलो आणि ओळी-ओळीला चरफडत गेलो. सगळं मामा बोलतात तसंच्या तसं. ‘गेल्तो’, ‘न्हाई’, अर्ध्यात सोडलेली वाक्यं, आणि ती शिवीसुद्धा. "अरे, हे शुद्ध नको का करायला?" मी म्हणालो. तो हसला. "दादा, मी फिटर माणूस. जो नट जिथला, तिथंच बसवायचा. आपल्याला पसंत नाही म्हणून दुसरा बसवला तर मशीन दुसऱ्याच दिवशी बंद." मी चहा प्यायलो आणि निघालो.

तेवढ्यात बॅकपचं खूळ निघालं. कारखान्यात कुणीतरी त्याला सांगितलं, हार्ड डिस्क आज आहे, उद्या नाही. बॅकप घेत जा. विलासने तीन फ्लॉप्यांत बसणारं एक बॅकपचं सॉफ्टवेअर मिळवलं, सोबत पहिली काही पानं गळालेलं इंग्रजी पुस्तक. "दादा, तुमचं इंग्रजी चांगलं. रविवारी येत चला." मी गेलो. खरं सांगायचं तर मदत करायला नाही, फजिती बघायला गेलो. आणि त्या सॉफ्टवेअरने मला निराश केलं नाही. पहिली फ्लॉपी घातली की ते दुसरी मागायचं, दुसरी घातली की पहिली मागायचं, आणि दुसरी आत असताना पुन्हा दुसरीच मागायचं. चौथ्या खेपेला ते एकदाचं मशीनमध्ये बसलं. बसल्यावर म्हणालं, बॅकप घेण्याआधी या मशीनची परीक्षा घ्यायची आहे, दोन कोऱ्या फ्लॉप्या द्या. दिल्या. अर्धा तास करकर करून शेवटी लाल चौकटीत निकाल आला: मशीन नापास, या बॅकपवर विश्वास ठेवता येणार नाही. आणि खाली बटण, पुढे चला.

विलास माझ्याकडे बघत राहिला. "विश्वास ठेवायचा नाही, तर पुढं कशाला चालायचं, दादा?" मी गंभीर चेहऱ्याने पुस्तकाची पानं उलटत होतो, आणि आत आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. सगळ्या गावाच्या मोटारी चालू करणारा माणूस एका खोक्यापुढे हात टेकून बसलेला मी प्रथमच पाहत होतो. असे तीन रविवार गेले. दर रविवारी परीक्षा, दर रविवारी नापास. चौथ्या रविवारी त्याने मशीनचं झाकण उघडलं, स्पिरिटमध्ये भिजवलेला कापूस काडीला गुंडाळून फ्लॉपी जिथे वाचली जाते ती जागा पुसली, झाकण लावलं, आणि मशीन पास झालं. शोभाने त्या आनंदात शिरा केला. मला तो गोड लागला नाही.

पण खरा वैताग पुढेच होता. त्या सॉफ्टवेअरला काय महत्त्वाचं आणि काय नाही हे कळत नव्हतं, आणि एवढंच घे असं त्याला सांगायचं कसं, ते पान पुस्तकातून गळालेलं. त्यामुळे ते अख्खं मशीन उचलायचं: कारखान्याच्या जुन्या मालाच्या याद्या, बुद्धिबळाचा खेळ, टायपिंगचं सॉफ्टवेअर, सगळं. त्याला बावीस फ्लॉप्या लागायच्या. विलासने गाण्यांच्या फोल्डरला मामांचंच नाव दिलं होतं, यशवंत. इंग्रजी अक्षरांच्या क्रमात ते अगदी शेवटी. म्हणजे एकवीस फ्लॉप्या भंगाराच्या आणि टोकाला गाणी. विलास खुर्चीवर, मी शेजारी डबा मांडीवर घेऊन. पडदा नंबर मागायचा, मी फ्लॉपी द्यायचो. माझं अक्षर चांगलं म्हणून लेबलं मी लिहिली होती; तेवढंच माझं कर्तृत्व. सतराव्या फ्लॉपीला लाईट गेली की पुन्हा पहिल्यापासून. नववी खराब निघाली की पुन्हा पहिल्यापासून. आणि सगळं नीट झालं तरी विलासचं समाधान नाही. लिहिलेलं परत वाचून ताडून बघण्याची एक खूण त्यात होती, ती तो कायम चालू ठेवायचा. त्यामुळे वेळ दुप्पट. "कशाला रे? लिहिलंय म्हणतंय ना?" मी म्हणायचो. तो म्हणायचा, "म्हणतंय. पण वाचून दाखवू दे की."

पहिला पूर्ण बॅकप झाला त्या दिवशी त्याने डबा माझ्या हातात ठेवला. "हा तुमच्याकडं असू द्या, दादा. एकाच घरात दोन्ही ठेवलं आणि आग लागली, तर काहीच उरायचं नाही. महिन्या-दोन महिन्यांनी घेऊन या, नवा बॅकप घेऊ." स्कूटरच्या पिशवीत डबा खुळखुळत मी भिंगारला आलो. गाणी त्याने लिहून घेतली, आणि मी गोडाऊन झालो... असंच मला तेव्हा वाटलं. त्याने माझ्यावर विश्वास टाकलाय हे तेव्हा सुचलं नाही, आणि सुचलं असतं तरी त्याचाही मला रागच आला असता.

दोन वर्षं हे चाललं. मग एका रविवारी विलासने गाण्यांची छापील प्रत माझ्या हातात दिली. "तुम्ही एकदा नजर टाका, दादा. बुद्धपौर्णिमेला तिसगावला कार्यक्रम आहे, तिथं वाचायचं म्हणतायत." मी नजर टाकली नाही, लाल पेन टाकलं. पंधरा दिवस कचेरीतून आल्यावर दुसरं काही केलं नाही. दीक्षेनंतर घरातला देव्हारा उठवला, तेव्हाचं एक गाणं होतं, ‘देव्हारा उचलला, जागा लई मोकळी झाली’. तिथे ‘जागा सारी रिक्त झाली’ केलं. पुढची ओळ फारच घरगुती वाटली, ती काढून ‘तेथे माझ्या मातेने ज्ञानज्योत लावली’ अशी घातली. त्याच गाण्यात मामांच्या चुलतीचं एक कडवं होतं. तिने म्हणे एक देव ज्वारीच्या कणगीत लपवून ठेवला होता. कार्यक्रमात बरं दिसणार नाही म्हणून ते अख्खं कडवं उडवलं. मग ती प्रत घेऊन दिल्लीगेटजवळच्या एका डीटीपीवाल्याकडे गेलो. त्याने सुबक टाईप केलं, वर माझ्या सांगण्यावरून ‘संकलन व संस्कार: प्रभाकर’ असं घातलं, आणि म्हणाला, येताना एक फ्लॉपी घेऊन या, यात भरून देतो. लाल पेनाची प्रत त्याच्याच टोपलीत गेली. जुने कागद वेळच्या वेळी काढून टाकायची मला सवयच आहे.

आता सांगायचं ते सांगतो. घरी फ्लॉप्या त्या डब्यातल्याच होत्या. शेवटची फ्लॉपी अर्धी रिकामीच असते, हे मला विलासनेच कधीतरी सांगितलं होतं. मी बाविसावी काढली. डीटीपीवाल्याने ती मशीनमध्ये घालून पाहिली आणि म्हणाला, "साहेब, यात एकच कसलीशी फाईल आहे, उघडत नाही. उडवू का?" मला माहीत होतं ती कसली आहे. माझ्याच अक्षरातलं लेबल मला समोर दिसत होतं. मनात म्हटलं, पुढच्या रविवारी नवा बॅकप होईलच, काय फरक पडतो... पण मनात त्याहून खाली जे होतं तेही लिहून टाकतो. त्याचं पुसून तिथे माझं लिहिलं जातंय, हे मला आवडलं. "उडवा," मी म्हणालो.

बुद्धपौर्णिमेला तिसगावच्या समाजमंदिरासमोर मांडव होता. मी माईकवर उभा राहून, आवाज लावून, ते देव्हाऱ्याचं गाणं वाचलं. टाळ्या पडल्या. मामा पुढच्या खुर्चीत बसले होते, चष्मा लावून, अगदी लक्ष देऊन ऐकत. मी खाली येऊन त्यांच्या पाया पडलो. त्यांनी माझा हात धरला आणि मनापासून, मोठ्या अदबीने विचारलं, "चांगलं हाय, पाव्हणं. कुनाचं हाय?" विलास शेजारीच उभा होता. त्याने ऐकलं आणि पटकन दुसरीकडे बघितलं. मला लाज वाटू नये म्हणून बघितलं, हे मला कळलं. त्या माणसाने त्या क्षणी हसायला पाहिजे होतं. तो हसला असता तर मी त्याला माफ केलं असतं.

त्यानंतर मी नागापूरला जायचं बंद केलं. जुलैत मामांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. ऐकू येतं, कळतं, डावा हात हलतो. पण एका शब्दापलीकडे काही फुटत नाही. दवाखान्याच्या व्हरांड्यात विलास माझ्याजवळ आला. रडून डोळे सुजलेले. "दादा, आता गाणी तेवढी मशीनमध्ये आहेत. तुमच्याकडचा डबा जपून आहे ना?" मी म्हणालो, "आहे की." "या रविवारी आणता? नवा बॅकप घेऊन टाकू." हो म्हणालो. त्या रविवारी मला ताप आला. पुढच्या रविवारी कचेरीत तपासणी निघाली. त्याच्या पुढच्या रविवारी स्कूटर बिघडली, तर म्हणाला, मी येऊन दुरुस्त करतो. त्याला कसंबसं थोपवलं. बाविसावी फ्लॉपी घातली की मशीन ताबडतोब सांगणार होतं तीत काय आहे ते, आणि मला ते विलासच्या शेजारी बसून बघायचं नव्हतं. एक कोरी फ्लॉपी विकत आणून तिच्यावर बावीस लिहिलं असतं तरी निभावलं असतं. पण खोटं बोलणाऱ्याला साध्या गोष्टी सुचत नाहीत. मग तो फोन आला.

महिनाभर त्याच्या घरी मशीन कुणी लावलं नाही. लावलं तेव्हा काळ्या पडद्यावर एक इंग्रजी ओळ आली, हार्ड डिस्क सापडत नाही. शोभाचा निरोप आला: "दाजी, तुमच्याकडचा डबा घेऊन या. ह्यांनी ठेवलाय ना तुमच्याकडं." मी गेलो. विलासचा कारखान्यातला मित्र सलीम शेख दुसरं मशीन घेऊन आला होता. विलासच्या खुर्चीवर सलीम बसला, मी माझ्या नेहमीच्या जागी, डबा मांडीवर. शोभा मागे उभी. पहिली, दुसरी, तिसरी... पडदा मागत गेला, मी देत गेलो. इतक्या रविवारांत कधी नव्हे ते त्या दिवशी लाईट गेली नाही, एकही फ्लॉपी खराब निघाली नाही. एकविसाव्या फ्लॉपीच्या शेवटी सात गाणी निघाली. मग पडद्याने बाविसावी मागितली. मी तीसुद्धा दिली. दुसरं काय करणार होतो?

"ही या सेटमधली नाही म्हणतंय," सलीम म्हणाला. "बघू काय आहे." त्याने उघडली. पडद्यावर मोठ्या ठळक अक्षरात आधी माझं नाव आलं, संकलन व संस्कार: प्रभाकर. शोभाने ते वाचलं. मी मान न वळवता सगळं सांगितलं, डीटीपीवाल्याला ‘उडवा’ म्हणालो तिथपर्यंत. सलीम बिचारा वायरी गुंडाळायला लागला. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाला, "एवढ्या बावीस फ्लॉप्या कशाला करत होता विलास? नुसत्या गाण्यांच्या फाईली कॉपी केल्या असत्या तर एका फ्लॉपीत बसल्या असत्या." आम्हाला दोघांना दोन वर्षांत ही गोष्ट सुचली नव्हती.

सलीम गेल्यावर शोभाने विचारलं, "त्यांना माहीत हुतं का, दाजी?"

"नाही."

"बरं झालं," ती म्हणाली. मग माझ्याकडे न बघता: "त्यांना जमत न्हवतं म्हणून बोलवायचे का तुम्हाला? फ्लॉप्या काय, मीबी दिल्या असत्या. आबांची गाणी आपण घेतली, दादांना लागलं असंल, त्यांनाबी यात धरलं पायजे... असं म्हणायचे. म्हणून डबा तुमच्याकडं दिला." मी उठलो. आयुष्यभर ज्याचा हेवा केला तो माणूस माझ्यापेक्षा चांगला होता, हे मान्य करून मी कधीच बसलो होतो. पण माझा हेवा त्याला दिसत होता आणि तो त्याची काळजी घेत होता, हे मला सोसवेना. दारापर्यंत आलो तेव्हा शोभा म्हणाली, "आबांना समजतंय सगळं. ह्यांनी कसं लिहून घेतलं ठाऊक हाय का तुम्हाला? एक ओळ झाली की वाचून दाखवायचे. आबांच्या डोळ्यांवर पट्टी. बरोबर आसंल तर आबा खाटेच्या गातावर, त्या कडेच्या लाकडावर, एक टिचकी मारायचे. टिचकी पडंपत्तुर हे म्होरं जायचेच न्हाईत."

आता मी दर रविवारी सकाळच्या पाथर्डी गाडीने तिसगावला जातो. सात मिळाली; उरलेली चौतीस गाणी माझ्याकडे आहेत, माझ्या शुद्ध भाषेत. मामांच्या खाटेपाशी बसतो आणि माझी ओळ वाचतो. मामा छताकडे बघत पडून राहतात. मग मी एकेक शब्द बदलून बघतो. मी काय काय काढून टाकलं हे मलाच आठवत नाही, हे एव्हाना कळून चुकलंय. झटक्यानंतर मामांच्या तोंडात एकच शब्द उरला आहे. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी कधी. पाणी पाहिजे असो की कूस बदलायची असो, तेवढा एकच निघतो. विलास गेला हे त्यांना सांगितलंय. ते ऐकून ते रडले, आणि रडतानाही तोच शब्द म्हणत होते. इलास.

परवाच्या रविवारी देव्हाऱ्याचं गाणं घेतलं होतं. ‘जागा लई मोकळी झाली’ म्हटल्यावर डाव्या हाताची टिचकी पडली. पण पुढची ओळ काही केल्या सापडेना. तितं माज्या मायनं... काय केलं तिथं मायनं? दिवा लावला? मामा गप्प. पुस्तक ठेवलं? गप्प. वही? फोटो? त्यांनी कंटाळून डोळे मिटले. मीही डोळे मिटले, आणि ती छापील प्रत, ते लाल पेन, आपण कशावर काट मारली, ते आठवायला लागलो. छप्पन्न साली मामांचा धाकटा भाऊ शाळेत नुकताच जायला लागला असेल... "तितं माज्या मायनं धाकल्याची पाटी ठिवली?" मी विचारलं.

गातावर टिचकी पडली. मामांनी डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं, आणि किती महिन्यांनी त्यांच्या तोंडावर हसू आलं. "इलास," ते म्हणाले.

"मी प्रभाकर, मामा," मी म्हणालो. त्यांनी ऐकलं, मान हलवली. मी ओळ लिहून घेतली आणि पहिल्यापासून सगळं पुन्हा वाचून दाखवलं: देव्हारा उचलला, जागा लई मोकळी झाली, तितं माज्या मायनं धाकल्याची पाटी ठिवली. त्यांनी माझं मनगट धरलं. "इलास," पुन्हा म्हणाले. अजून चुलतीचं कडवं राहिलं होतं, कणगी, ज्वारी, लपवलेला देव, आणि बाकीची तेहतीस गाणी. मी या खेपेला दुरुस्ती केली नाही.

"व्हय, मामा," म्हणालो.